शिंग वाजलंच नाही

शनिवार, २ फेब्रुवारी १८६७

ही वही माझ्या बायकोच्या, हिलाच्या भावाने दिली. त्याला वाटलं मी हवा-पाण्याची नोंद ठेवीन. ती नोंद बांध-कालवे सांभाळणाऱ्या पाणीमंडळाच्या वहीत होतेच. इथे मी हिलालाही सांगत नाही ते लिहिणार आहे. वही जुन्या शिडाच्या घडीत ठेवीन, तिथे कुणी हात घालत नाही.

आज कालव्यावरचा बर्फ फुटला आणि सोळा दिवसांनी पवनचक्की पाणी उपसायला सोडली. काय चालली म्हणून सांगू. एकतीस वर्षं मी हिच्यावर आहे, त्याआधी माझे वडील होते, पण इतकी गोड कधी चालली नव्हती. एरवी वर आसाची मान दगडावर घासून कण्हते, मधल्या मोठ्या चाकाचे दात खटखटत असतात आणि खाली पाणचाक पाण्यावर थपडा मारत असतं. जेवताना बोलायचं तर ओरडावं लागायचं. आज सगळं शांत. या वर्षी मी चरबीत थोडं मेण कालवलं, त्याचा हा गुण. शेजारच्या चक्कीवाल्या बास्टियानला सांगणार नाही. विचारील तेव्हा बघू.

रविवार, २४ मार्च

नवे पाद्री पुटपुटतात. तासभर बसून एक वाक्य धड कळलं नाही. जुने पाद्री नरकाचं वर्णन करायचे तेव्हा शेवटच्या बाकावरची माणसं सरकून बसायची. हे बहुधा स्वतःलाच उपदेश करतात.

स्तोत्र संपल्यावर मी एक ओळ जास्त गायलो म्हणे. पुढच्या बाकावरची तीन डोकी वळली. मी तसाच बघत राहिलो. घाई त्यांना होती, मला नाही.

घरी येताना हिला म्हणाली, "पुढच्या रविवारी पुढे बसू."

"पुढे श्रीमंत बसतात."

"मग एखाद्या दिवशी आपण श्रीमंत," ती म्हणाली. ती हल्ली प्रत्येक गोष्ट ओरडून बोलते. वय झालं की बायका चिडखोर होतात असं माझे वडील म्हणायचे.

रविवार, १९ मे

हिलाने नवीन खूळ काढलंय. आमच्या चक्कीची पाती जमिनीपासून हातभर वरून जातात, म्हणून चक्कीतल्या घराला समोरासमोर दोन दारं. वाऱ्याप्रमाणे चक्कीचा माथा फिरवला की एका दारासमोर पाती येतात, मग आम्ही दुसरं वापरतो. इथलं रांगतं पोरही हे जाणतं. पण हिला आता पात्यांकडच्या दाराच्या कडीला आपला लाल एप्रन बांधून ठेवते.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"शेळीसाठी."

"शेळीला एप्रन कळतो?"

"तुझ्यापेक्षा बरा," ती म्हणाली, पण हसली नाही.

पूर्वी पात्याची सूऽ अशी चाहूल आधी यायची आणि मग गालाला वारा लागायचा. आता नुसता वाराच लागतो. पात्यांवरच्या शिडाचं कापड जुनं होऊन मऊ पडलंय, त्यामुळे असेल.

आमच्या मुलीने, कोबाने पुन्हा एक स्थळ नाकारलं. मुलगा चीजवाल्यांचा, घरी चाळीस गाई. तेवीस वर्षांची झाली. ब्रेकचा दोर हातात धरून दिवसभर माझ्या मागे मागे असते. मी म्हटलं, "अगं, चक्कीशी लग्न लावणार आहेस का?"

ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला इथंच बरं वाटतं." मुलीला महत्त्वाकांक्षा म्हणून नाही.

शनिवार, ६ जुलै

आता मला हे आवडेनासं झालंय. चक्की गोड चालते इथवर ठीक होतं, पण ती आता मुकी झालीय. गेल्या गुरुवारी चांगला वारा होता, चारही पात्यांवर पूर्ण शिडं होती, आणि मी दातांच्या चाकाशेजारी उभा असून काही नाही. लाकडावर लाकूड आपटतं तिथे आवाज नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय. दात नीट बसत नसतील. किंवा वर मान कोरडी पडून तापत असेल. कोरडी मान पेटते आणि मग अर्ध्या तासात चक्कीची शेगडी होते. मी दिवसातून चारदा शिडी चढतो आणि मानेला हात लावून बघतो. थंड असते. तरी विश्वास बसत नाही.

आज टोनिस सुताराला बोलावलं. आमच्या पंचक्रोशीतल्या सगळ्या चक्क्यांचे दात त्यानेच बसवलेत. मी त्याला म्हटलं, "ऐक. ऐकतोयस? काहीच नाही."

टोनिसने हिलाकडे बघितलं. हिलाने खाली बघितलं. मग त्याने खरंच एकेक दात तपासला, दोन पाचरी उगाच ठोकल्या, आणि जाताना काहीतरी बोलला. त्याच्या तोंडात पाईप होता, नीट कळलं नाही. मी मान डोलावली. हिलाने त्याला दारापर्यंत पोचवलं आणि दोघं तिथे खूप वेळ बोलत होते. माझ्या चक्कीबद्दल माझ्या बायकोशी काय बोलायचं असतं या माणसाला?

मला काळजी वाटते हे इथे लिहून टाकतो. चक्की गेली तर नुसतं काम जाणार नाही. घर तिच्या पोटातच आहे.

रविवार, ८ सप्टेंबर

चर्चबाहेर माणसं घोळक्याने उभी होती. मी गेलो की गप्प होतात, किंवा ओठ हलवत हळू बोलतात. आज सोक्षमोक्ष लावला. बास्टियानला, सगळ्यांदेखत, म्हटलं, "तुझ्या जावयाला चक्की हवीय हे मला माहीत आहे. माझ्या मागे कुजबुजण्यापेक्षा तोंडावर बोल."

बास्टियानचं तोंड लाल झालं. तो माझ्याबरोबर शाळेत होता, कालव्याच्या खालच्या वळणावर त्याची चक्की आहे, आम्ही दोघं एकाच दोरीला बांधून घेऊन पोहायला शिकलो. तो काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "बघ, आत्तासुद्धा कुजबुजतोस." तो वळून चालता झाला. हिला रस्ताभर माझ्याशी बोलली नाही. किंवा बोलली असेल तर पुटपुटली.

यंदा शिंगाची पाळी बास्टियानची आहे. आम्ही आठही चक्क्या आपापल्या सखल जमिनीतलं पाणी उपसून एकाच उंच कालव्यात टाकतो, आणि कालव्याचं पाणी पुढे दरवाजातून नदीत जातं. नदी फुगली की दरवाजा उघडत नाही. मग कालवा भरत जातो, आणि खुणेपर्यंत भरला की पाळीचा माणूस झेंडा चढवतो. पावसात झेंडा दिसत नाही म्हणून शिंग फुंकतो. त्यानंतर एक फेराही उपसा करायचा नाही, आपलं शेत बुडत असलं तरी. शिंगानंतर जो उपसा करतो तो आपलं पाणी शेजाऱ्याच्या घरात ओततो. अशा माणसाला आमच्याकडे पाणीचोर म्हणतात. माझ्या आयुष्यात एकच झाला. त्याला तीन दिवसांत चक्की सोडावी लागली आणि त्याच्या मुलांनी आडनाव बदललं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

हिलाची बहीण बाळंतपणात अडलीय. हिला आणि कोबा नदीपलीकडे तिच्याकडे निघाल्या. हिलाचा पाय निघेना. कोबाला ठेवते म्हणाली, मग स्वतः राहते म्हणाली.

"जा ना. मी काय लहान मूल आहे?" मी म्हटलं.

तिने माझे दोन्ही गाल धरले आणि तोंड माझ्या तोंडासमोर आणून म्हणाली, "वारा वाढला तर चक्की बांधून ठेव. वचन दे." मी वचन दिलं नाही. चक्कीवाल्याकडून असलं वचन मागतात का?

होडी खालच्या वळणावर बास्टियानच्या दाराशी थांबलेली मला इथून दिसली. हिला उतरून त्याच्याशी बोलत होती. चांगली दहा मिनिटं. काय चाललंय या लोकांचं?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पहाटेपासून वायव्येचं वादळ. पाऊस असा की कालव्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. माझ्या शेतांत पाणी गवताच्या वर आलं होतं. शिडं अर्धी गुंडाळून चक्की सोडली आणि दिवसभर उपसा केला. एकट्याने माथा फिरवला, एकट्याने ब्रेक सांभाळला. पाठ मोडली, पण पाणी हटलं.

कान सारखा शिंगाकडे होता. ब्रेकचा दोर कमरेला गुंडाळूनच जेवलो, की शिंग ऐकू आलं तर क्षणात थांबवता यावं. शिंग वाजलंच नाही. कालव्यातली मोजपट्टी लाटांमुळे वाचता येत नव्हती, पण शिंग नाही म्हणजे खूण आली नाही, सोपा हिशेब.

चारच्या सुमाराला पाऊस जरा विरळ झाला तेव्हा बघतो तर बाकीच्या सातही चक्क्या थांबलेल्या. वाऱ्याला भ्याले सगळे. मला हसू आलं. बास्टियानसुद्धा. अंधार पडेपर्यंत मी एकटा चालवत होतो.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काय झालं ते मला कळत नाही.

सकाळी खालच्या वळणावर माणसं जमलेली दिसली. गेलो. बास्टियानकडचा बांध बोटभर खाली आहे, तिथून कालवा रात्रीत आत शिरला होता. त्याचं तळघर भरलं. गवताची वखार खालून निम्मी भिजली, म्हणजे गुरांचा हिवाळा गेला. त्याची बायको गुडघाभर पाण्यात उभी राहून बटाटे वेचत होती. मी म्हटलं, "बास्टियान, होडी आणू का?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि वाकून बटाटे वेचू लागला. दुसरे बोलत होते. एका माणसाचे ओठ मला स्पष्ट कळले. पाणीचोर.

मी सर्वांना सांगितलं, शिंग वाजलं नाही. मी बायबलवर हात ठेवून सांगायला तयार आहे. कुणी माझ्याकडे बघेना.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पाणीमंडळाचं पत्र आलं. मंगळवारी हजर व्हायचं आहे. आरोप, शिंगानंतर उपसा. सिद्ध झाला तर चक्की खाली करायची.

हिला आणि कोबा दुपारी परतल्या. बहीण सुखरूप आहे. हिलाने पत्र वाचलं आणि खुर्चीत बसली. मी म्हटलं, "बास्टियानने मुद्दाम शिंग फुंकलं नाही. मला अडकवायला स्वतःचं गवत बुडवलं त्याने." हे बोलताना मलाच ते खरं वाटेना, पण दुसरं काय असणार? मी खोटं बोलत नाही. मग तो बोलतोय.

हिलाने एप्रनमध्ये तोंड लपवलं. ती काही बोलली का, कोण जाणे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मला पुरावा हवा होता. वादळात शिंग किती लांब जातं ते मोजायचं आणि मंडळाला सांगायचं असं ठरवलं. प्रत्येक चक्कीत एक शिंग असतं, आमचंही आहे. ते कोबाला दिलं आणि म्हटलं, बांधावरून चालत जा, दर शंभर पावलांवर फुंक, मी हात वर करीन.

ती म्हणाली, "बाबा, नको."

"जा म्हणतो ना."

ती शंभर पावलं गेली आणि थांबली. तिचे गाल फुगलेले दिसले. मी ओरडलो, "फुंक ना." तिने पुन्हा फुंकलं. मी म्हटलं, पोरीला फुंकता येत नाही, बायकांचं काम नव्हे, जवळ ये. ती पन्नासवर आली. मग वीसवर. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मी म्हणत होतो, "जोरात, अगं, जोरात."

तिने आणखी एकदा फुंकलं आणि खालच्या कुरणातले रानहंस उठले. शंभर तरी असतील. सगळे एकदम, तिच्याकडे पाठ करून. वीस पावलांवर माझी मुलगी उभी होती, शिंग तोंडाला, डोळ्यांतून पाणी, आणि रानहंस माझ्या डोक्यावरून गेले. तेही गुपचूप.

रानहंस कधी गुपचूप जात नाहीत.

मी बांधावरच बसलो. कोबाने शिंग खाली ठेवलं आणि शेजारी बसली. मी विचारलं, "केव्हापासून?" तिने गवतावर बोटाने काहीतरी लिहायचा प्रयत्न केला, मग दहा बोटं दाखवली आणि वर आणखी दोन. बारा महिने.

चक्की चांगली आहे. दात चांगले आहेत, मान चांगली आहे. टोनिसने उगाच पाचरी ठोकल्या. पाद्रीही कदाचित बरे असतील. वर्षभर मी म्हणत होतो की लोक कुजबुजतात. आणि त्या दिवशी बास्टियानच्या गवतात मी दिवसभर पाणी ओतलं, मी, कान देऊन बसून.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दोन दिवस हिला पाटीवर लिहून भांडतेय. तिचं म्हणणं असं. शिंग ऐकलं असं कबूल केलं तर मी चोर, चक्की जाणार. ऐकलं नाही असं म्हटलं तर मी बहिरा, आणि बहिऱ्याच्या हाती आठ कुटुंबांचा जीव कोण देईल, चक्की जाणारच. दोन्ही दारांसमोर पाती फिरतायत. म्हणून ती सांगणार की ती त्या दिवशी घरीच होती, मी चक्कीच्या खडखडाटात होतो, शिंग तिने ऐकलं आणि शेत वाचावं म्हणून मला सांगितलं नाही.

"तू नदीपलीकडे होतीस. शंभर लोकांना माहीत आहे," मी म्हटलं.

तिने लिहिलं, "बास्टियान सोडून कुणी बघितलं नाही."

"मग तो सांगेल."

तिने पाटी पुसली. चोराची बायको व्हायच्या ऐवजी चोर व्हायला निघालीय. मला झोप नाही. खरं सांगितलं तर हे दोघींचं घर जातं. माझ्या वडिलांनी मला याच पलंगावर पाळण्यातून आणून ठेवलं होतं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मंडळाची खोली. लांब टेबल, पाच माणसं, मधोमध बांधप्रमुख. ते मला काहीतरी विचारत होते. मी त्यांच्या मिशा हलताना बघितल्या. हिला उठू लागली, तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आता ती खोटं बोलणार. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

मी म्हटलं, "मालक, तुम्ही काय विचारलंत ते मला कळलं नाही. कळणारही नाही. मी बहिरा आहे. मला शनिवारी समजलं. शिंग वाजलं असणार, बास्टियान खोटं बोलणारा माणूस नाही. मी त्याला चर्चबाहेर जे बोललो ते परत घेतो. माझ्या गवतातलं निम्मं त्याचं. वर्षभर चक्कीचे कान माझी मुलगी होती, ती नव्हती त्या एका दिवशी हे झालं. तिला शंभर पावलांवरची पाचर सैल झालेली कळते. एवढंच."

किती मोठ्याने बोललो कुणास ठाऊक. खिडकीपाशी बसलेला कारकून दचकला होता.

मग बास्टियान उठला. त्याची माझ्याकडे पाठ होती. तो खूप वेळ बोलला, टोपी हातात पिळत. हिला रडू लागली. बांधप्रमुखांनी चष्मा काढला. पाच माणसं डोकी एकत्र आणून बोलली, मग एकजण बोलला, मग सगळे उठले, आणि मला घर राहिलं की गेलं हे कळलं नाही. त्या खोलीत ते न कळलेला मी एकटाच.

होडीत मी विचारलं नाही. हिलाच्या तोंडाकडेही बघितलं नाही. घरी आल्यावर वही आणि लेखणी तिच्यापुढे ठेवली. तिला वही कुठे असते ते आधीच माहीत होतं. पुढचं अक्षर तिचं.

क्राइन, चक्की राहिली. वसंतापर्यंत नाव तुझं, ब्रेक कोबाच्या हाती. बाईच्या नावाने चक्की द्यायची की नाही यावर ते वसंतात भांडणार आहेत, दोघं आत्ताच हो म्हणतात. तू एकट्याने कधीही चक्की सोडायची नाही.

बास्टियान काय बोलला ते लिहिते. तो म्हणाला, "गेल्या मंगळवारी दुपारी एकपासून मी शिंग फुंकत होतो. सगळे थांबले, क्राइन थांबला नाही. तो ऐकत नाही हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला वर्षभर माहीत आहे. आदल्या दिवशी हिला माझ्या दाराशी येऊन म्हणाली होती की वादळ झालं तर तेवढं जाऊन त्याला हाताने सांग. त्याची चक्की माझ्यापासून वीस मिनिटं. मी गेलो नाही. त्याने मला चर्चबाहेर चारचौघांत जे म्हटलं होतं त्याचा राग होता. म्हटलं, फुंकायचं माझं काम, ते मी करतोय. माझं गवत भिजताना दिसलं तरी बसून फुंकतच राहिलो. त्याला ऐकू येत नव्हतं, मला तर येत होतं. निम्मं गवत मी घेणार नाही."

मीही तुला सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू मंडळाकडे स्वतः गेला असतास, आणि आपण कुठे जाणार होतो? म्हणून. तुझी हिला.

बुधवार, २० नोव्हेंबर

तरी गवत होडीत भरलं. कोबाने वल्हवलं. बास्टियान दारात उभा होता. मी म्हटलं, "घे." तो काहीतरी म्हणाला.

मी म्हटलं, "कळलं नाही." तो दोन पावलं पुढे आला आणि पुन्हा म्हणाला. त्याची दाढी वाढली होती, ओठ दिसत नव्हते. मी मान हलवली. वाटलं आता वैतागून वळेल. त्याने हाताने दाढी बाजूला केली, माझ्या तोंडासमोर तोंड आणलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, सावकाश.

"जोडे बाहेर काढ आणि आत ये," असं म्हणत होता.